येथे उतरून चालावे

१४ ऑक्टोबर २०२४

आले एकदाची. उदगीर ते मुखेड एस.टी.ने, मुखेडहून रिसॉर्टच्या पिकअपने, आणि शेवटचा चढ चार जाड टायरांच्या फटफटीवर मागे बसून. हिला इथे एटीव्ही म्हणतात. साठीला टेकलेल्या बाईने असल्या गाडीवर बसून डोंगर चढावा याची मला स्वतःलाच गंमत वाटत होती, पण चेहऱ्यावर दिसू दिली नाही. पहिल्या दिवशी हाताखालच्या माणसांसमोर हसले की पुढे वर्षभर ती आपल्याला हसतात.

डोंगर फार मोठा नाही. बालाघाटाचा एक फाटा, इतकेच. पण आमच्या भागात एवढा चढ दिसला की लोक त्याला हिल स्टेशन म्हणून टाकतात. वर सपाट पठार. त्यावर पाहुण्यांचे तंबू, एक स्वयंपाकघर, माझे ऑफिस आणि मागे माझी खोली. ऑफिससमोर ओटा आणि ओट्यावर वेताच्या दोन खुर्च्या. सगळीकडे सीताफळीची झाडे, फळांचे डोळे उघडायला लागले आहेत. हवा इतकी स्वच्छ की उदगीरचा धुरळा छातीतून निघून गेल्यासारखे वाटले.

मालक उमाशंकरसेठ नांदेडला असतात. मुलाखतीत त्यांनी एकच सांगितले होते, शिस्त लावा. सारी नोकरी मी एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. शिस्त लावा असे मला सांगावे लागत नाही.

मोबाइलला रेंज नाही. पठाराच्या टोकाला एक कातळ आहे, त्यावर उभे राहिले की दोन काड्या येतात. तिथून शिवानीला पुण्याला फोन केला. मुलीचे तेच पालुपद. अव्वा, आता एका जागी बस ना, किती पळशील. मी तिला सांगितले, मला बसवून ठेवायचा विचार असेल तर तो मनातून काढ. चालते-फिरते आहे तोवर मी कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला बसणार नाही.

येताना मधल्या खिंडीत फटफटी चालवणाऱ्या अमरनाथने गाडी बंद करून मला उतरायला लावले. थोडे चाललो, मग पुन्हा बसलो. चढ अवघड असेल म्हणून मी विचारले नाही.

१५ ऑक्टोबर

आज कामाची पद्धत समजून घेतली. पाहुण्यांच्या मोटारी पायथ्याला थांबतात. तिथे हेल्मेट, सूचना, मग पुढे गाईड आणि मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग, अशी फेरी वर येते. पठाराला वळसा, चहा, फोटो, आणि आल्या वाटेने खाली. दुसरी वाट नाही. चालत आले तरी हीच.

एक्सिलेटर अंगठ्याने दाबायचा असतो. बायका आधी घाबरतात आणि मग उतरायला तयार होत नाहीत. प्रत्येकाच्या मनगटाला लाल दोरी, तिचे दुसरे टोक गाडीत अडकवलेले. माणूस जागेवरून उठला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. ही व्यवस्था मला फार आवडली. आगारात काही ड्रायव्हरांना अशी दोरी लावायला हवी होती.

मुख्य गाईड अमरनाथ मुखेडकडचा, आमच्याच लिंगायत समाजातला. मला अक्का म्हणतो. हुशार आहे, पण फार हसतो. स्वयंपाकाला गुणाबाई. पायथ्याच्या गावातून रोज चालत येते आणि चालत जाते. गाडीवर बस म्हटले तर बसत नाही. नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला चांगला करते, मीठ मात्र हात सोडून टाकते. तिला तसे सांगितले. ती म्हणाली, डोंगर चढल्यावं मीठ लागतंय बाई, तुमी चढून बगा.

खालच्या वाहनतळावर एक वॉकीटॉकी, माझ्या टेबलावर एक, फेरीबरोबर एक. ‘फेरी निघून राहिली अक्का,’ असा आवाज आला की मी घड्याळ बघते. जुनी सवय.

१७ ऑक्टोबर

फेऱ्या उशिरा का येतात ते कळले. खिंड.

दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि मधून एक गाडी जाईल एवढी सपाट वाट. वाटेला लागून दगडांचा एक चौथरा आहे, गुडघाभर उंच. शेंदूर नाही, नारळ नाही, पणतीची काजळीसुद्धा नाही. शेजारी पत्र्याचा गंजका बोर्ड: ‘येथे उतरून चालावे.’ तिथे सगळी फेरी थांबते. पाहुणे उतरतात, दोऱ्या सुटतात, इंजिने बंद. मग अमरनाथ आणि त्याची जोडीदार पोरे एकेक गाडी ढकलत पलीकडे नेतात. पाहुणे पायी. पलीकडे पुन्हा चढा, पुन्हा दोऱ्या अडकवा. आज त्या गडबडीत नायगावच्या एका बाईंचा पाय मुरगळला.

अमरनाथला बोलावून विचारले, कुठला देव आहे तो. तो एरवी हसतो, तेव्हा हसला नाही. म्हणाला, ‘अक्का, ते देव न्हाई. बसलेलं हाय.’

बसलेल्याचे मला कौतुक सांगू नये. आमच्यात माणूस गेला की बसवूनच माती देतात. चार वर्षांपूर्वी शिवानीचे वडील, मलप्पा, गेले तेव्हा सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. रात्र उलटली होती, त्यांचे गुडघे वळत नव्हते. भाऊबंदांनी हळूहळू मांडी घालून घेतली. कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, अंगावर बेल. मग माती. त्यांचा चेहरा शांत होता. त्यात भिण्यासारखे काय आहे? ज्याला भ्यावे असा बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

अमरनाथ म्हणाला, ते आपल्यातलं नव्हे अक्का. त्याला कुणी विभूती लावलेली न्हाई.

१९ ऑक्टोबर

निर्णय घेतला. दिवाळीची गर्दी तोंडावर आहे. कोणीही खिंडीत उतरणार नाही. मुखेडहून पेंटर आणला आणि नवा बोर्ड लावला: ‘कोणीही गाडीवरून उतरू नये. हुकमावरून, व्यवस्थापक.’ जुना पत्रा कुणी पुन्हा उभा करील म्हणून फेकून दिला. नव्याचा लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पक्का करायला लावला.

माणसे कुजबुजायला लागली तेव्हा मी स्वतः हेल्मेट घातले. चाळीस वर्षे लुना आणि स्कूटी चालवली आहे, ही काय अवघड. माझी गाडी पुढे, अमरनाथची मागे. चौथऱ्याजवळून बसूनच गेले. वेगसुद्धा कमी केला नाही. मागे वळून पाहिले तर अमरनाथ मान खाली घालून येत होता, सासरी निघालेल्या नवरीसारखा. वर आल्यावर त्याची चेष्टा केली तेव्हा कुठे हसला.

काही झाले नाही. फक्त खिंडीत नुकत्या खणलेल्या मातीचा वास आला, ओलसर. एवढ्या उन्हात. पलीकडे कुणाचे शेततळ्याचे काम चालू असेल.

२३ ऑक्टोबर

फेऱ्या वेळेवर. उमाशंकरसेठ खूश. मुखेड, देगलूर, लातूर, कुठून कुठून माणसे येत आहेत.

आज दुपारी ओट्यावरच्या खुर्चीत जरा टेकले ती ऊन कलेपर्यंत. झोप नाही, वाचन नाही, नुसतीच बसले होते. पुढ्यातला चहा गार झाला. असे मी आयुष्यात केलेले नाही. शिवानीला सांगितले तर पेढे वाटील.

अमरनाथ जेवायला गाडीवरून उतरत नाही, तिथेच डबा उघडतो. त्याला रागावले. तो म्हणाला, ‘उठूच वाटून न्हाई राहिलं अक्का.’ जोडीदाराने दोन्ही हात धरून ओढले तेव्हा उठला. नवी नवरी उतरवायची म्हणजे ओवाळणी लागते, असे काहीतरी म्हणून सगळे हसत होते. मीही हसले.

२५ ऑक्टोबर

सकाळी चप्पल घालताना बोटांत माती सापडली. पाय धुतले. मोज्यांतही होती.

२७ ऑक्टोबर

सकाळची फेरी वर आली. पाहुणे उतरले, अमरनाथ उतरला नाही. मी ओरडले. तो माझ्याकडे बघत राहिला. मनगटाला लाल दोरी तशीच.

मला वाटले लकवा. पायाला चिमटा काढला तर तो कळवळला. बोटे हलवून दाखवली. म्हणाला, ‘पाय हायत अक्का. पण वर माती हाय. लई जड हाय.’ चौघांनी उचलून खाली ठेवला, तर पाय गाडीवर होते तसेच वाकलेले राहिले. शेवटी माझ्या ऑफिसातल्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन पोरांनी त्याला खाली नेले. पिकअपने मुखेडला. डॉक्टर म्हणाले, मणक्याची नस दबली असेल, लातूरला दाखवा. मलाही तेच वाटते. एटीव्हीला हादरे फार बसतात.

गुणाबाई भाकऱ्या थापता थापता बोलत होती. तिची सासू सांगायची, तेवढेच तिला ठाऊक. निजामाच्या काळात पटकीची साथ होती. वाटेने जाणारा एक परका माणूस खिंडीत बसला तो उठेना. कुणाचा कोण, नाव नाही, गाव नाही. लोक भ्याले. त्याला शिवायला नको म्हणून तो होता तिथेच भोवतीने खणले आणि बसल्या जागी माती लोटली. माती छातीला आली तरी तो म्हणत होता, थांबा, उठतो, उठतो. मग तोंडापर्यंत आली.

‘उभ्या माणसाकडं ते बगत न्हाई बाई,’ गुणाबाई म्हणाली. ‘बसून गेलेल्याला आपल्यातलं समजतंय. आपल्यातल्याला सोबतीला ठिवून घेतंय.’

मी विचारले, आणि कोणी गेलेच असेल बसून, तर? ती म्हणाली, तर चालत माघारी जावं. पाय हलतेत तवर, आपल्या पायानं खिंड उतरावी. मंग सोडतंय म्हनतेत. तुमी आजच चला माज्यासंग.

मी म्हटले, दिवाळीच्या तोंडावर ऑफिस कोण सांभाळणार, तुझी सासू? तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, सासू असती तर तुमाला कान धरून नेलं असतं.

३० ऑक्टोबर

अमरनाथच्या जागी सेठनी भोकरचा भागवत नावाचा गाईड पाठवला. नियम पाळणारा माणूस आहे. बोर्ड वाचतो आणि बोर्डाप्रमाणे वागतो. असाच मला हवा होता.

फोन करायला कातळापर्यंत गेले. एरवी मी तिथे बोलता बोलता पोचते. आज वाटेत दोनदा टेकावे लागले, आणि दुसऱ्यांदा उठताना झाडाला धरले. कातळावर पोचल्यावर लातूरच्या एका बाईंचा फोन आला. गेल्या आठवड्यात त्या कुटुंबासह आल्या होत्या. त्यांच्या सासूबाई परतल्यापासून झोपाळ्यावरून उठत नाहीत. आडवे करायला गेले तर ओरडतात, छातीवर माती पडते म्हणतात. तुमच्या गाडीने आमच्या म्हातारीची कंबर घालवली, असे त्या म्हणाल्या. मी वयाचे कारण सांगितले. बोलताना माझा आवाज मलाच पटत नव्हता.

फोन ठेवला आणि उठता आले नाही. गुणाबाई शोधत आली. तिने काखेत हात घालून उभे केले.

शिवानीला कळवले नाही. ती लगेच येऊन मला गाठोड्यासारखी उचलून नेईल. दिवाळी उरकू दे. मग दोन दिवस सुट्टी टाकून चालत खाली जाईन. गुणाबाईच्या समाधानासाठी.

२ नोव्हेंबर, पाडवा

एवढी गर्दी कधी झाली नव्हती. सगळे काम खुर्चीतून केले. गुडघ्यापर्यंत पाय गार आहेत, विहिरीत सोडल्यासारखे.

सकाळी मनात आले, फेऱ्या बंद कराव्यात किंवा निदान खिंडीत उतरवावे. पण सेठना काय सांगायचे? जन्मभर रात्री-बेरात्री घाटातल्या गाड्या सोडणारी बाई दगडाला भ्याली? नाही सांगितले. फेऱ्या चालू राहिल्या.

आता लिहिते आहे ते पाहिलेले आहे. फेरी झालेले पाहुणे हिरवळीवर बसतात आणि बसूनच राहतात. खाली मोटारी हॉर्न वाजवत आहेत, कुणाला घाई नाही. एक नवा जावई बायकोला हसत हसत हात धरून उठवत होता. तीही हसत होती. मग हसायची थांबली. उठली शेवटी. दुसऱ्यांच्या आधाराने सगळेच उठले, आणि गाड्यांवर बसून खिंडीतून खाली गेले.

मी त्यांना थांबवले नाही.

४ नोव्हेंबर

आज गेले. जायला निघाले.

काठी घेतली, गुणाबाईचा खांदा घेतला. पठाराच्या कडेपर्यंत पाय घासत गेले. उतार लागला आणि गुडघे आपोआप मिटले. पडले नाही, बसले. पाय पुढे करून घासत जायचे म्हटले, तर पायांनी मांडी घातली. मी घातली नाही. हातांनी एक पाय ओढून सरळ केला, सोडला, परत आत गेला. खिंड तिथून दिसते. चौथराही दिसतो.

गुणाबाईने पाठीमागून ओढत मला ओट्यावर आणले. अर्धा दिवस लागला तिला. दोन माणसांनी दोन्हीकडून उभे धरून खिंडीतून नेले तर कदाचित, असे ती म्हणते. माणसे नाहीत. जोडीदार पोरे दिवाळीला गेली ती परतली नाहीत. एकटा भागवत. त्याला हाक मारून सांगितले, आजपासून खिंडीत सगळ्यांना उतरव. तो अदबीने म्हणाला, ‘सेठनी सांगितलंय म्याडम, बोर्डापरमानं करायचं. बोर्ड तर तुमचाच हाय.’ वर म्हणाला, तुम्हाला ताप दिसतो, बसून घ्या.

त्याने हे स्वतः गाडीवर बसूनच सांगितले. त्याचे पाय मी बघितले. त्याला अजून कळलेले नाही.

गुणाबाईला बोर्ड उपटायला पाठवले. पाइप हलला नाही. सिमेंट.

६ नोव्हेंबर

अमरनाथ गेला.

गुणाबाई गावातून ऐकून आली. लातूरहून परत आणताना पिकअपमध्येच. घरी आणला तेव्हाही बसलेलाच होता, आता मांडी घातलेला, पाठ ताठ. भाऊबंद गोळा झाले. त्याला बसवायला काही करावे लागले नाही. विभूती लावली, हातात लिंग दिले. आईने बेल ठेवला. पण चेहरा नीट होईना म्हणे. तोंड मिटत नव्हते. कुणी म्हणाले, आत माती आहे.

मला अक्का म्हणायचा. मान खाली घालून माझ्या मागे आला होता.

गारवा कमरेपर्यंत आला. वर रेघ मारल्यासारखा. रेघेच्या वर ऊन लागते, खाली लागत नाही.

७ नोव्हेंबर

खुर्चीतून खोलीत नेऊ नको असे गुणाबाईला सांगितले. आत भिंती आहेत. इथे निदान आभाळ दिसते.

भागवतने सेठना सांगितले. सेठनी शिवानीला फोन केला. ती परवा येते आहे. वॉकीटॉकीवर भागवत आनंदाने सांगत होता, म्याडम, आता काळजी न्हाई, ताईंना मी सोता घेऊन येतो.

गाडीवर बसवून.

मी बटण दाबून सांगितले, तिला चालत आण, गाडीवर आणू नको. तीन-चारदा सांगितले. तो म्हणतो आवाज येत नाही, नुसती खरखर येते. मी ओरडत होते. गुणाबाई हातभर अंतरावर होती. तिनेही कान जवळ आणला.

रेघ छातीला लागली आहे. श्वास वरच्या वर.

८ नोव्हेंबर

गुणाबाईला शेवटचे बोलले. तोंडाशी कान लावून ऐकले तिने. उद्या सकाळपासून खिंडीत वाटेच्या मधे उभी रहा. माझ्या मुलीला उतरव. पाया पड, शिव्या दे, दगड मार, पण उतरव. आणि चालत आली तरी वर येऊ देऊ नको. तिथूनच परत पाठव.

ती म्हणाली, मी उबी राहीन बाई. मेले तर उबीच मरीन.

आवाज गेला. हात आहेत.

मलप्पांना बसवले तेव्हा ते गेलेले होते. त्यांना काही कळत नव्हते. मी तेव्हा म्हटले होते, त्यात भिण्यासारखे काय — मला सगळे कळते आहे. ओट्यावरून मुंगी जाते तीसुद्धा —

खिंडीतला तो म्हणत होता, थांबा, उठतो. मीही म्हणते आहे. दिवसभर. आवाज नाही तरी म्हणते —

९ नोव्हेंबर

ऊन चांगले आहे. वॉकीटॉकी मांडीवर. गुणाबाई गेली खिंडीत. समोरची खुर्ची रिकामी. तिला सांगायला हवे होते, ही खुर्ची उचलून नेऊन टाक. विसरले —

भागवतचा आवाज. ताई आल्या. निघून राहिलो म्याडम.

बटण दाबले. खरखर.

पाठीमागे शिवानीचा आवाज. अव्वा ऐकते आहे का हो? तिला म्हणावं, काळजी करू नको.

दोन इंजिने. चढाला लागली. खिंडीत इंजिने बंद पडली पाहिजेत. ती उतरली की दोरी सुटेल, इंजिन बंद होईल. मला इथे ऐकू येईल. शांतता ऐकू येईल. तेवढीच हवी —

भागवत म्हणतो, गुणाबाई मधे उबी हाय. हात करून राहिली. दगड हाय हातात. येडी झाली का काय.

उतर. शिवानी, उतर —

ती विचारते आहे, इथे उतरायचं असतं का? तो म्हणतो, न्हाई ताई, बोर्ड बगा की. म्याडमचाच हुकूम हाय. तुमच्या आईचाच. ती हसली. म्हणाली, मग ऐकायलाच हवं. लवकर चला, आधी तिला बघू दे.

इंजिन

बंद नाही. बंद नाही झाले. भागवत ओरडतो, सरक बाजूला. गाड्या पुढे काढल्या. आवाज मोठा —

पठारावर. दिसते. हिरवी ओढणी. उतरली. पळत येते आहे. पाय हलतात तिचे. अजून हलतात —

तिकडूनच ओरडते आहे. अव्वा, उठू नको. बसूनच रहा. मीच येते.

लिहून दाखवते. शिवानी हे वाच. उभ्याने वाच. मला हात लावू नको. तशीच मागे वळ आणि चालत खिंड उतर. गाडीवर नाही. पायांनी. आत्ता. मला इथेच

रडते आहे. वहीकडे बघत नाही. दमले म्हणते. पाय दुखले म्हणते. खुर्ची ओढली —

शिवानी वही बघ. खुर्ची नको. बसू नको. उभी रहा. उभी र